गाल फुगवून ओठांजवळच्या रेषा जातात का?

रोज गाल फुगवा, ओठांचा चंबू करा, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या रेषा गायब, हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. नाही होत हो तसं.

मुळात ती घडी लहान मुलांच्या चेहऱ्यावरही हसताना दिसते. वय वाढतं तसं कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन) कमी होतं, गालातली चरबी आटते-सरकते, वरच्या जबड्याचं हाडही थोडं झिजतं, मग वरची त्वचा सैल पडून घडीवर येते, यात स्नायू कमजोर झाला म्हणून व्यायाम करा हे गणित बसतच नाही. उलट कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्स देतात ते स्नायू ढिला करायलाच ना!

२०१८ मध्ये अमेरिकेतला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला, २० आठवडे व्यायाम, शेवटपर्यंत टिकल्या फक्त १६ बायका, आणि तुलनेला दुसरा गटच नाही. गाल जरा भरलेले दिसले, या रेषांमध्ये मात्र ठळक फरक नाही. लोक पहिलं अर्धंच सांगतात.

मग करायचं काय? सनस्क्रीन रोज, सिगारेट बंद, आणि रात्री रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या प्रकारातलं क्रीम), पण हळूहळू, सुरुवातीला त्वचा सोलते आणि फरक दिसायला महिने जातात (प्रेग्नंट असाल तर अजिबात नाही). खोल घडी क्रीमने भरत नाही, तिथे फिलर (इंजेक्शनने त्वचेखाली भरायचं जेल) लागतो, तोही त्वचारोगतज्ज्ञाकडेच, कारण नाकाजवळ रक्तवाहिनीत गेला तर त्वचा मरू शकते, क्वचित डोळाही जातो. पार्लरमध्ये स्वस्तात मिळतोय म्हणून तर मुळीच नको.