ग्राफिक्स कार्ड घेताना आधी मेमरी बघा, मग नाव

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या बाजारात, गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘अमुक गेम किती एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेमवर चालेल?’ फक्त गेम खेळायचे असतील तर प्रश्न रास्त आहे. पण त्याच कॉम्प्युटरवर लग्नाचं किंवा विसर्जन मिरवणुकीचं फुटेजही एडिट करायचं असेल, तर नुसत्या एफपीएसवरून कार्ड घेणारा हमखास फसतो.

थोडं गणित करू. ४के व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. दाविंची रिझॉल्व्हसारखं एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक रंगाची किंमत ३२ बिटांत हाताळतं. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता धरली की एका पिक्सेलला १६ बाइट लागतात आणि एकटी फ्रेम १३३ एमबीच्या आसपास जाते. नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले दाणे पुसण्याची सोय, लावलं की मागच्या-पुढच्या फ्रेमही हाताशी ठेवाव्या लागतात, वर टायटल आणि इफेक्टचे थर. त्यातच विंडोज आणि ब्राउझरनेही कार्डाच्या मेमरीतला थोडा वाटा उचललेला असतो. मग ८ जीबी बघता बघता भरतात आणि ऐन एक्स्पोर्टच्या वेळी पडद्यावर ‘युवर जीपीयू मेमरी इज फुल’, म्हणजे कार्डाची मेमरी भरली, असा संदेश येतो.

गेम असा थांबत नाही, तो अडखळतो. कार्डात न मावलेला डेटा मदरबोर्डवरच्या रॅममध्ये जातो आणि लागेल तेव्हा पीसीआय एक्स्प्रेस या बोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या वाटेतून मागवावा लागतो. एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी डेटा देते. या कार्डाला पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या आठच लेन आहेत, त्यातून सेकंदाला जेमतेम १६ जीबी येतात. बोर्ड जुना, ३.० चा असेल तर त्याच्याही निम्मे. विरार फास्टची सगळी गर्दी एका अरुंद जिन्यावरून उतरवण्यातला हा प्रकार. सरासरी एफपीएसमध्ये तो लपून जातो, म्हणून रिव्ह्यू बघताना ‘१ टक्का लो’, म्हणजे सगळ्यांत हळू १ टक्का फ्रेमचा वेग, हा आकडा बघावा.

आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं एकाच नावाने ८ आणि १६ जीबीत मिळतात. एडिटिंग करणाऱ्याने १६ च घ्यावं. बिलावरही ‘१६ जीबी’ लिहून घ्यावं. ८ जीबी ठीक आहे ते १०८०पी गेम आणि मोबाइलच्या साध्या फुटेजपुरतं. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी देतं, पण बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, रिसायझेबल बार ही प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय चालू नसेल तर त्याचा वेग चांगलाच पडतो. जुन्या बोर्डावर ते लावू नये.

आता कॅमेरा. बरेच मिररलेस कॅमेरे एच.२६५ या व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीत १० बिट ४:२:२ रेकॉर्ड करतात. यात आडव्या दोन पिक्सेलमागे एकदा रंगाची नोंद असते, मोबाइलच्या नेहमीच्या ४:२:० मध्ये चार पिक्सेलमागे एकदा. हे ४:२:२ उलगडणारं सर्किट आरटीएक्स ४० आणि त्याआधीच्या कार्डांत नाही, ५० मालिकेत आहे. त्यामुळे महागडं ४०९० लावूनही टाइमलाइन गचके देते, कारण सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरातलं अंगभूत ग्राफिक्स हे काम करतं. म्हणून नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर हजार-दोन हजारांसाठी घेऊ नये, त्यात ते ग्राफिक्सच नसतं. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत हार्डवेअरच्या सगळ्या सोयी उघडत नाहीत, त्यामुळे आपली एखादी क्लिप दुकानातच चालवून बघितलेली बरी.

विजेचा हिशोब सोपा आहे, तरी चुकतो. ५०६० टीआय १८० वॅट खातं, ५०७० खातं २५०. पॉवर सप्लाय अनुक्रमे ६०० आणि ६५० वॅटचा लागतो, तोही नावाजलेला. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. ५०७०, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तेवढे सहज ओलांडतात आणि वीज गेल्याक्षणी यूपीएस हात वर करतो. कार्डाला वीज देणारा १६ पिनचा प्लग असेल तर तो पूर्ण बसला पाहिजे, फट दिसता कामा नये. अर्धवट बसला तर थोड्याच पिनांवरून जास्त करंट जातो, त्या तापतात आणि प्लास्टिक वितळतं. प्लगपाशीच वायर करकचून वाकवू नये.

परदेशी रिव्ह्यूतलं तापमान बहुतेक वेळा २१-२२ अंशांच्या खोलीतलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे बिनएसीच्या खोलीत ३३ असतात, म्हणजे पंखे तेवढेच फिरले तर कार्डही दहा-बारा अंश जास्त तापणार. कॅबिनेटला समोरून हवा ओढणारे दोन पंखे हवेतच. काचेच्या बंद तोंडाचं कॅबिनेट दिसायला झकास, मुंबईत मात्र नको.

सेकंडहँडमध्ये मायनिंगची, म्हणजे क्रिप्टो चलन मिळवण्यासाठी राबवलेली, कार्डं अजून फिरतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. जुन्या चिपवर कार्डाचं बायॉस (मूळ सॉफ्टवेअर) बदलून नव्याचं नाव चढवलेली बनावट कार्डंही असतात. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड सॉफ्टवेअर उघडलं की बहुतेक पकडली जातात. मग कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क वीस मिनिटं चालवा आणि प्रत्येक पोर्टला मॉनिटर लावून बघा. नवं घेताना ‘बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटी वाचेल’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. सीरियल नंबर छापलेलं बिल नसेल तर वॉरंटीच्या काउंटरवर तुमचं काही चालणार नाही.