सित्रोएन आमी ६ : घेण्याआधी हे वाचा

मागची काच वरून खाली आत झुकलेली, चौकोनी हेडलाइट, लाटेसारखं बॉनेट. १९६१ च्या एप्रिलमध्ये फ्रेंच कंपनी सित्रोएनने आमी ६ ही गाडी बाजारात आणली तेव्हा फ्रान्समध्ये अनेकांनी नाकं मुरडली. रेखाटनकार फ्लामिनिओ बेर्तोनी याने त्याआधी सित्रोएनच्याच २सीव्ही आणि डीएस या गाड्या घडवल्या होत्या, पण त्याची सर्वांत लाडकी गाडी हीच.

ती उलटी काच केवळ हौसेची नव्हे. गाडी चार मीटरच्या आत बसवायची होती, मागे माणसाचं डोकं छताला लागू नये, डिकीही स्वतंत्र हवी, आणि मागे व्हॅनसारखा वर उघडणारा दरवाजा कंपनीला नको होता. काच आत झुकवल्यावर या अटी एकत्र बसल्या. शिवाय पावसातही काच बरीच स्वच्छ राहते. १९६४ मध्ये ‘ब्रेक’ नावाची इस्टेट, म्हणजे मागे सामानासाठी लांब छत असलेली आवृत्ती, आली. तिला मात्र मागे वर उघडणारा दरवाजाच होता, आणि स्वतंत्र डिकीच्या मूळ गाडीपेक्षा तीच जास्त खपली. १९६६ मध्ये आमी ६ फ्रान्समधली सर्वाधिक विकली जाणारी गाडी ठरली. १९६९ मध्ये आमी ८ आली, तिची मागची काच नेहमीसारखी उतरती.

आता यंत्राकडे. ६०२ सीसी, आडवे दोन सिलिंडर, हवेने थंड होणारं इंजिन. रेडिएटर नाही, सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधली हेड गॅस्केटही नाही. प्लगना आळीपाळीने वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर नसल्यामुळे एकच कॉइल दोन्ही प्लगना एकदम ठिणगी देते. ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) पंख्याच्या मागे असतात आणि पंखा काढल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. पॉइंटमधली फट ०.४ मिमी ठेवा. गळलेल्या तेलावर धूळ बसून सिलिंडरच्या थंड करणाऱ्या पात्या बुजल्या असतील तर इंजिन तापतं. त्या ब्रशने साफ करून घ्या.

पुढचे ब्रेक ड्रम चाकात नसून गिअरबॉक्सला लागून आहेत. तिथलं सील गळलं की तेल थेट ब्रेक शूवर येतं. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हेच पाहा. हँडब्रेकही पुढच्याच चाकांवर चालतो, त्यामुळे त्याची पकडही जाते.

खरी पैशांची बाब म्हणजे गंज. पुढची मडगार्डं बोल्टची असल्याने बदलता येतात, पण चौकट आतून कुजली तर काम मोठं. गाडी वर उचलून चौकटीच्या दोन्ही लांब पेट्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. आवाज बोदा आला तर रंग कितीही चकचकीत असो, दर ठरवण्याआधी वेल्डिंगचा अंदाज आमच्या गॅरेजकडून घ्या.