शोषित मात्रेच्या एककांचे रूपांतर

किरणोत्सर्ग एखाद्या पदार्थातून जाताना त्यात जी ऊर्जा सोडतो, तिचे दर किलोग्रॅममागचे माप म्हणजे शोषित मात्रा. आजचे एकक ग्रे : १ किलोग्रॅम पदार्थात १ ज्यूल ऊर्जा मुरली की १ ग्रे. जुने एकक रॅड, म्हणजे १ ग्रॅममध्ये १०० अर्ग (अर्ग हे ऊर्जेचे जुने, छोटे एकक). दोन्हींचा हिशेब कायमचा ठरलेला आहे : १ ग्रे = १०० रॅड. पदार्थ कोणताही असो, किरण कोणतेही असोत, हा भाव हलत नाही. निजामी अमलातल्या मराठवाड्यात ७ हाली (निजामी) रुपयांना ६ कलदार (इंग्रजी) रुपये असा सरकारी दर होता. ग्रे-रॅडचा व्यवहार त्याच जातीचा, फक्त तोंडी करण्याजोगा.

रॅड १९५३ साली आले. १९७५ मध्ये वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ग्रे स्वीकारला. नाव ब्रिटिश भौतिकीविज्ञ लुई हॅरल्ड ग्रे (१९०५–६५) यांचे. डॉक्टरांना मात्र जुने आकडे तोंडपाठ झालेले होते. त्यावर तोड निघाली ती सेंटिग्रेची. १ सेंटिग्रे = १ रॅड, म्हणजे आकडा तोच राहिला आणि पाटी तेवढी बदलली. रोजच्या २ ग्रेला किरणोपचार विभागात अजूनही ‘दोनशे’ म्हटलेले ऐकू येते ते त्यामुळे.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बीड, परभणी, हिंगोलीकडच्या बोलण्यात किरणोपचाराला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. शेक म्हटले की ऊब आली, आणि ग्रे तर ऊर्जेचेच माप. पण २ ग्रेने शरीराचा तो भाग जेमतेम ०.०००५ अंश सेल्सिअसने तापतो. सगळ्या शरीराला एकदम ४ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसे दगावतात. ७० किलोच्या माणसात ही ऊर्जा भरते २८० ज्यूल. गरम चहाच्या अर्ध्या चमच्यातून अंगाला तेवढीच उष्णता मिळते. घात उष्णतेने होत नाही. पेशींतले डीएनएचे धागे तुटतात, त्याने होतो.

रुग्णाच्या फाइलवर ‘५० ग्रे, २५ वेळा’ असे लिहिलेले असते. सोबत आलेला पुतण्या मोबाइलवर ‘४ ग्रे प्राणघातक’ वाचतो आणि हादरतो. त्याचे गणित चुकलेले नसते, पण तुलना चुकते. ग्रे हे दर किलोचे माप आहे. ५० ग्रे मिळतात ते गाठ आणि तिच्या भोवतीच्या थोड्या भागाला. शेजारच्या अवयवांना त्याहून कमी, दूरच्यांना फारच थोडे. शिवाय रोज २ ग्रे घेतल्याने निरोगी पेशींना मधल्या वेळात दुरुस्तीला सवड मिळते. बेरीज ५० असली तरी २५ हप्त्यांतले ५० आणि एका दमातले ५० यांचा परिणाम सारखा नसतो. हे कोणत्याही रूपांतर-कोष्टकात सापडत नाही.

राँटजेन या एककापाशी कोष्टक खरे अडखळते. हे एकक शोषलेली ऊर्जा मोजत नाही. क्ष-किरण किंवा गॅमा किरणांनी हवेत किती विद्युतभार निर्माण केला ते मोजते. पायली हे आकारमानाचे माप आहे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर करडई यांचे वजन एक नसते, कशाची पायली ते सांगावेच लागते. तसेच १ राँटजेन म्हणजे हवेत सुमारे ०.००८८ ग्रे, मऊ ऊतकांत सुमारे ०.००९६ ग्रे, आणि कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांखाली हाडात त्याच्या काही पट.

बियाण्यांवरच्या जुन्या संशोधनात हा घोळ नेहमी भेटतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या उत्परिवर्तन-संशोधनातून (किरण देऊन बियाण्यात आनुवंशिक बदल घडवण्याच्या कामातून) भुईमुगाचे अनेक वाण आले. ‘टीएलजी-४५’ या नावातला ‘एल’ म्हणजे लातूर. अशा विषयांवरच्या जुन्या लेखांत बियाण्याला दिलेली मात्रा ‘२० किलोराँटजेन’ अशी लिहिलेली असते. सरळ १०० ने भागून तिचे २०० ग्रे करणे सोयीचे, पण नेमके नव्हे. हवेसाठी ती सुमारे १७५ ग्रे होते, पाण्यासारख्या पदार्थासाठी १९० च्या आसपास.

सिव्हर्ट हे वेगळेच प्रकरण आहे : ते शोषलेल्या ऊर्जेचे नव्हे, तिच्यामुळे माणसाला होणाऱ्या जोखमीचे माप. रेम हे त्याचे जुने एकक. १ सिव्हर्ट = १०० रेम, एवढे पक्के. ग्रेवरून सिव्हर्ट काढताना मात्र किरणांच्या जातीप्रमाणे गुणक लावावा लागतो : क्ष-किरण, गॅमा आणि बीटासाठी १, अल्फा कणांसाठी २०. मोंढ्यात क्विंटलभर तूर आणि क्विंटलभर ज्वारी काट्यावर सारखीच, पट्टी (हाती येणारी रक्कम) मात्र वेगळी निघते. पुढे अवयवागणिक आणखी एक गुणक लावला की सबंध शरीराच्या जोखमीची परिणामी मात्रा मिळते. हा सगळा खटाटोप माणसापुरता. अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय आंब्याला, त्यात मराठवाड्याचा केसरही आला, फळमाशी आणि कोयीतल्या भुंग्यांच्या बंदोबस्तासाठी किमान ४०० ग्रे मात्रा द्यावी लागते. तिचे ४०,००० रॅड खुशाल करावेत; ४०० सिव्हर्ट म्हणण्यात अर्थ नाही. अशा गॅमा मात्रेने आंबा किरणोत्सर्गीही होत नाही.

प्रत्यक्षात जास्त चुका होतात त्या मिली (हजारावा भाग) आणि मायक्रोच्या (दहा लाखावा भाग). किरणोत्सर्ग मोजणारा जुना मापक तासाला २ मिलिराँटजेन दाखवत असेल, तर गॅमा किरणांसाठी ते तासाला साधारण २० मायक्रोसिव्हर्ट होतात. तिथे आठवड्याला ४० तास काढणाऱ्याच्या खात्यात ८०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे ०.८ मिलिसिव्हर्ट जमा होतात. भारतात किरणोत्सर्गाच्या कामावर असलेल्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. या हिशेबाने वर्षाचे २० पंचविसाव्या आठवड्यातच संपतात. मायक्रोच्या जागी मिली वाचले, तर पहिल्याच तासात.