‘तीन सेट, दहा रेप’ आले कुठून?

जिममध्ये पहिल्या दिवशी फी भरली की हातात एक कार्ड पडतं. सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, असं शनिवारपर्यंत. आणि बहुतेक व्यायामांपुढे तोच आकडा, 3 × 10: एका दमात दहा वेळा उचलायचं (दहा रेप), थोडं थांबायचं, असं तीनदा (तीन सेट). मी 23 वर्षांचा असताना मिळालेलं असं कार्ड चार महिने इमानेइतबारे पाळलं. स्क्वॉट (खांद्यांवर बारबेल, म्हणजे वजनं लावलेला दांडा, घेऊन मारायची बैठक) पहिल्या महिन्यात 40 किलोवरून 50 वर गेला आणि तिथेच बसला. हे दहा कुणी ठरवले, कुणासाठी ठरवले, हा प्रश्न तेव्हा मनातही आला नाही. पुढे शोधायला बसलो, तर वाट निघाली थेट दुसऱ्या महायुद्धातल्या एका लष्करी इस्पितळात.

शिकागोतलं गार्डिनर जनरल हॉस्पिटल, 1944 च्या सुमाराचं. मांडीचं हाड मोडलेले, गुडघ्याला मार लागलेले सैनिक खाटा अडवून पडलेले. हाड जुळायचं, पण प्लास्टर काढलं की मांडी काठीसारखी निघायची. त्या काळचा उपचार म्हणजे हलकं वजन आणि असंख्य वेळा हालचाल. महिने जायचे, पायात जोर यायचा नाही. तिथल्या थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरला वजनांची ओळख पुस्तकातून झालेली नव्हती. कोवळ्या वयात संधिवाती तापाने तो कित्येक महिने अंथरुणाला खिळला होता आणि नंतर बारबेल उचलूनच त्याने स्वतःचं शरीर पुन्हा उभं केलं होतं. त्याने सैनिकांच्या बुटाला लोखंडी तळ बांधला, त्यावर प्लेटा चढवल्या आणि गुडघा सरळ करायला सांगितलं. वजन किती? जे नेमकं दहा वेळा उचलता येईल, अकराव्यांदा नाही, तेवढं. आठवड्याला ते पुन्हा मोजायचं आणि वाढवायचं. जड वजनाने सांधा बिघडेल, स्नायू आखडून बसतील अशी भीती तेव्हा डॉक्टरांनाही होती. पण डीलॉर्मच्या सैनिकांचे पाय भरून येत होते. 1945 मध्ये त्याने हे सगळं निबंधात मांडलं.

आपल्या कार्डावरचा आकडा मात्र अजून यायचा होता. सुरुवातीला डीलॉर्म दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घेत असे. एवढ्यांची गरज नाही हे लक्षात आल्यावर 1948 मध्ये त्याने आर्थर वॉटकिन्सबरोबर नवी पद्धत मांडली: तीन सेट, प्रत्येकी दहा. पण वजन तिन्हींत सारखं नाही! दहा वेळा जेमतेम उचललं जाणारं वजन 40 किलो असेल, तर पहिला सेट 20 चा, दुसरा 30 चा आणि तिसरा 40 चा. म्हणजे खरी कसोटी एकाच सेटची, आधीचे दोन अंग गरम करायला. कार्डावर उतरताना ही चढण गळून पडली. तीन राहिले, दहा राहिले. आठवड्याला वजन नव्याने मोजण्याचा नियमही गळला, आणि त्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण सगळा जीव त्यातच होता. माझा स्क्वॉट 50 वर का अडकला याचं उत्तर तिथे होतं.

हळूहळू भार वाढवत न्यायचा ही कल्पना अर्थातच डीलॉर्मची नव्हे. रोज वासरू खांद्यावर घेऊन फिरणारा, आणि त्याचा बैल झाला तरी उचलत राहिलेला ग्रीक पैलवान मायलो याची दंतकथा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या माणसाची आहे. आपल्या तालमींत तर हे कुणी शिकवावंही लागलं नाही. फरक एवढाच, की तालमीत वाढ आकड्याची असते. आज शंभर बैठका, महिन्याने दीडशे, वर्षाने पाचशे. कुस्ती दमाची, आणि भार आपल्याच देहाचा, म्हणून आकडा वाढवायचा हेच तिथे योग्य. मुद्गल जड करता येतो, पण त्यात पाव किलो भर घालता येत नाही. एका मर्यादेनंतर बैठकांनी दम वाढत राहतो, मांडीचं बळ त्या प्रमाणात वाढत नाही. वस्तादांना हे ठाऊक असतं, म्हणून ते पोराला जोडीदार पाठीवर घेऊन बैठका मारायला लावतात.

युरोपातही तयार ‘प्रोग्राम’ विकण्याची सुरुवात आकड्यांनीच झाली. युजेन सँडो हा प्रशियात जन्मलेला, लंडनमध्ये गाजलेला बलवान. रंगमंचावर तो अवजड बारबेल उचले, पण घरी बसलेल्या गिऱ्हाइकाला त्याने दिले हलके डंबेल आणि छापील तक्ता: या वयाला इतक्या आवृत्त्या, इतक्या दिवसांनी एक वाढवा. हा तक्ता टपालाने जगभर गेला. आपल्याकडे औंधच्या राजांच्या वाड्यातही पोचला. भवानराव पंतप्रतिनिधींनी सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवून जवळपास दहा वर्षं तो व्यायाम नेमाने केला आणि मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले, ते कायमचे. सूर्यनमस्काराचा घरोघरी प्रसार करणाऱ्या माणसाची दहा वर्षं डंबेलांत गेली होती, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

प्लेटा काढता-घालता येणारा बारबेल ही मग खरी क्रांती. फिलाडेल्फियात ॲलन कॅल्व्हर्टने 1902 मध्ये मायलो बारबेल कंपनी काढली. नाव अर्थातच त्या वासरूवाल्याचं. आता भार थोडा थोडा वाढवता येऊ लागला. 1921 मध्ये हेन्री स्टाइनबॉर्न जर्मनीहून अमेरिकेत आला आणि जड स्क्वॉट घेऊन आला. तेव्हा स्क्वॉटचे स्टँड नव्हते. तो बारबेल एका टोकावर उभा करायचा, त्याखाली पाठ घालून वाकायचा आणि बार खांद्यांवर लवंडून घेऊन खाली बसायचा. पुढच्या दशकात त्यातूनच वीस रेपांच्या स्क्वॉटचं वेड पसरलं: एक जड सेट, दोन रेपांमध्ये खोल श्वास, आणि दिवसभर दूध. वजन वाढत नाही म्हणून रडणाऱ्या सडपातळ पोरांचा तो पहिला खरा प्रोग्राम.

ताकदीसाठी नेमके किती सेट, किती रेप, हे नीट तपासलं रिचर्ड बर्जरने, 1962 मध्ये. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून बारबेल छातीवरून वर रेटणं; 12 आठवडे, नऊ गट. कुणाला एक सेट, कुणाला दोन, कुणाला तीन, आणि रेप दोन, सहा किंवा दहा. सर्वांत पुढे गेला तो तीन सेट, सहा रेपांचा गट. मैदानातली माणसं तोवर त्याच्या आसपास पोचलीच होती. तीनदा मिस्टर युनिव्हर्स झालेल्या इंग्लंडच्या रेज पार्कने पाच सेट पाच रेपांची पद्धत 1960 मध्ये छापली: दोन सेट चढते, तीन पूर्ण वजनाचे. बिल स्टार या प्रशिक्षकाने 1976 मध्ये तीच अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंसाठी बसवली. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि पॉवर क्लीन (जमिनीवरून बारबेल एका झटक्यात खांद्यांपर्यंत उचलणं), आठवड्यात तीन दिवस: एक जड, एक हलका, एक मधला. खेळाडूंना मैदानावरही सराव असे, म्हणून व्यायाम तीनच. आज मोबाइलवर जे ‘5 × 5’ मिळतं, त्याचे आजोबा हे.

मग आपल्या कार्डावरची सोमवारची चेस्ट कुठली? 1947 चा मिस्टर अमेरिका स्टीव्ह रीव्हज आठवड्यातून तीनदा सगळं अंग मारायचा. एकेका दिवशी एकेक भाग ही वाटणी युद्धानंतर हळूहळू रुळली, कारण स्पर्धेतल्या शरीरपटूंचे सेट इतके वाढले की एका दिवसात मावेनात. त्यात आणखी एक गोष्ट मिसळली, जी कुठल्याही कार्डावर लिहिलेली नसते. 1958 मध्ये डायनाबॉल ही स्नायू वाढवणारी स्टेरॉइडची गोळी अमेरिकेत बाजारात आली. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या वेटलिफ्टरांची कामगिरी एकाएकी उंचावली, तेव्हा श्रेय दिलं गेलं आयसोमेट्रिक व्यायामाला, म्हणजे न हलणाऱ्या दांड्याला जीव खाऊन रेटण्याला. त्यासाठीचे रॅक धडाधड विकले गेले. गोळ्यांची गोष्ट नंतर बाहेर आली, तोवर असंख्य पोरं न हलणारा दांडा रेटत बसली होती. त्या पोरांचा विचार मला आजही अस्वस्थ करतो. पीळदार फोटोखाली दिलेला सहा दिवसांचा प्रोग्राम आपल्या गल्लीतला मुलगा तसाच उचलतो, आणि वाढ झाली नाही की दोष स्वतःच्या अंगाला देतो.

उलट्या टोकाचा सल्लाही होताच. आर्थर जोन्सने 1970 मध्ये नॉटिलस यंत्रं बाजारात आणली आणि सांगितलं की एकच सेट करा, पण अंगात त्राण उरणार नाही असा. बरेच सेट उगाच मारले जातात, हे त्याचं म्हणणं रास्त होतं. एकाच सेटमध्ये गिऱ्हाईक बाहेर पडलं की यंत्र पुढच्याला मोकळं, हाही त्यातला फायदा.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या प्रयोगांनी यातलं बरंच निवळून दिलं. 1979 मध्ये मोरितानी आणि डीव्ह्रीस यांनी दाखवलं की पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती ताकद मुख्यतः मज्जासंस्था शिकल्यामुळे; स्नायूचा आकार नंतर वाटा उचलू लागतो. महिनाभरात आरशात फरक दिसत नाही म्हणून प्रोग्राम बदलणाऱ्याने हे जरूर ध्यानात ठेवावं. 2012 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तरुणांनी दहा आठवडे पायाचा व्यायाम केला, काहींनी एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या 80 टक्क्यांवर, काहींनी फक्त 30 वर, पण दोघांनी दमेपर्यंत. सेट सारखे असताना मांडी जवळपास सारखीच भरली. ताकद मात्र जड उचलणाऱ्यांची जास्त वाढली. म्हणजे आकारासाठी दहा हा आकडा पवित्र नाही. आठ चालतील, वीसही चालतील, शेवटचे दोन-तीन रेप जड जायला हवेत. ताकद हवी असेल तर जड वजनाला पर्याय नाही. आणि आठवड्याचे एकूण सेट सारखे असतील, तर ते कुठल्या दिवशी मारले याने आकारात फारसा फरक पडत नाही.

म्हणून कुणी प्रोग्राम विचारला, की मी आधी त्याचे दिवस विचारतो. आठवड्यात तीनच संध्याकाळी मिळणार असतील, तर प्रत्येक वेळी सगळं अंग, स्क्वॉटपासून सुरुवात, पाच ते आठ रेप. व्यायाम सुरू करून दोन वर्षं झाली असतील आणि चार दिवस हातात असतील, तर दोन दिवस वरचं अंग, दोन दिवस खालचं, आणि रेप थोडे जास्त. सहा दिवसांचं कार्ड ज्यांना शोभतं ती माणसं थोडी. या सगळ्याबरोबर एक दोनशे पानी वही. माझ्या वहीत स्क्वॉटच्या पानावर दर सोमवारी तारीख, वजन, रेप एवढंच असतं. 50 चे 52.5 व्हायला दोन सोमवार लागले होते, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची एकेक प्लेट.