रोरी शब्दाला जागत नाही, हा आरोप आला कुठून?

नाशिकमध्ये देवळाली कॅम्पात किंवा गंगापूर रोडला गोल्फ बघणारे चार जण जमले की रोरी मॅकिलरॉयचा विषय निघतोच, आणि निघाला की आवाज चढतात. त्याच्या खेळाबद्दल कुणाचं दुमत नाही. भांडण आहे ते त्याच्या तोंडाबद्दल, रागाबद्दल आणि आज एक, उद्या दुसरंच, अशा दिसणाऱ्या निर्णयांबद्दल. ‘हा माणूस शब्दाला जागत नाही,’ असं एका बाजूचं म्हणणं. बाकीचे मूग गिळून बसतात तेव्हा हा बोलतो, म्हणून याचेच शब्द धरून ठेवले जातात, असं दुसरीचं. दोन्हीकडून पुरावा म्हणून त्याची जुनी वाक्यं काढली जातात. ती कधी आणि कशानंतर बोलली गेली, हे मात्र सांगायचं राहून जातं.

नाशिकला गोल्फ परका नाही. इंग्रजी अमलात इथे गोल्फ खेळला जायचा. ती जागा आज हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते, आणि रिक्षावाल्याला अजूनही ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की पुरतं. खेळ मात्र टिकला तो देवळालीत, लष्कराच्या आश्रयानं. त्यामुळे इथल्या चाहत्यांत दोन जाती सरळ दिसतात. एक म्हणजे निवृत्त फौजी आणि त्यांच्या बॅगा उचलता उचलता खेळ शिकलेले कॅडी. त्यांच्या लेखी गोल्फमध्ये आधी वागणूक, मग स्कोअर. दुसरे म्हणजे क्रिकेटवर वाढलेले, मोबाइलवर हायलाइट्स बघून या खेळाकडे वळलेले तरुण. मैदानात कुणी चिडलं, कुणी कुणाला डिवचलं, यात त्यांना काही वावगं वाटत नाही. रोरीवरचा अर्धा वाद या दोन सवयींमधलाच आहे, असं माझं मत आहे.

सुरुवातीची वर्षं थोडक्यात. 2005 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी त्यानं रॉयल पोर्टरश या मैदानावर 61 ची फेरी मारली; गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. 2011 च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी चार शॉटची आघाडी घेऊन तो उतरला आणि 80 मारून कोसळला. त्याच संध्याकाळी समोर येऊन त्यानं प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. दोन महिन्यांनी यूएस ओपन आठ शॉटनी जिंकली. हरला तरी तोंड न लपवणारा मुलगा, ही त्याची प्रतिमा तेव्हा तयार झाली आणि लोकांनी त्याला जीव लावला तो तेव्हापासून. राग तेव्हाही होता. 2013 मध्ये फ्लोरिडातल्या एका स्पर्धेत तो फेरी अर्धवट सोडून निघून गेला. कारण अक्कलदाढेचं दिलं, पुढे असं सोडून जाणं चुकलं हेही मान्य केलं. 2015 मध्ये डोरालच्या स्पर्धेत त्यानं हातातली 3-आयर्न ही काठीच तळ्यात भिरकावली. 2014 पर्यंत मेजरची, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची, चार विजेतेपदं खिशात असल्यामुळे या गोष्टी लोकांनी हसून सोडून दिल्या.

पहिला खरा ओरखडा ऑलिंपिकचा. उत्तर आयर्लंडच्या खेळाडूला आयर्लंड किंवा ब्रिटन, कुणाकडूनही उतरता येतं. 2012 मध्ये आपल्याला ब्रिटिश असणं जास्त जवळचं वाटतं असं तो म्हणाला, 2014 मध्ये आयर्लंडची निवड केली आणि 2016 मध्ये झिकाचं कारण सांगून रिओतून नावच मागे घेतलं. इथवर ठीक होतं. पण गोल्फ 112 वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतत असताना तो जाहीरपणे म्हणाला की, हा खेळ वाढवायला मी गोल्फमध्ये आलेलो नाही, आणि टीव्हीवर ऑलिंपिक बघितलंच तर ज्यांना तिथे खरं महत्त्व आहे ते खेळ बघेन. आपल्याकडे हे फार लागलं. भारतात चार वर्षांतून एकदा सामान्य घरात गोल्फ लागतो तो ऑलिंपिकमुळेच. पुढच्या वर्षी त्यानं सांगितलं की देश निवडायच्या पेचात आपल्याला ढकललं याचा त्याला ऑलिंपिकवर राग होता. 2021 मध्ये तो टोकियोत उतरला, कांस्यपदकासाठी सात जणांच्या प्लेऑफमध्ये हरला, आणि तिसरं येण्यासाठी आयुष्यात इतका जीव कधी तोडला नव्हता, असं म्हणाला. आठवडाभरानं भारताची अदिती अशोक त्याच मैदानावर चौथी आली तेव्हा शनिवारी सकाळी इथल्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच गोल्फ लागला होता. रोरी पाच वर्षांत बदलला आणि कसा बदलला ते त्यानं उघड सांगितलं. तरीही वादात 2016 चं वाक्यच पुढे केलं जातं, 2021 चं कुणी काढत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ‘शब्दाला जागत नाही’ हा आरोप मुख्यतः सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फ या नव्या लीगवरून होतो, आणि इथेच तारखा सगळ्यात जास्त विसरल्या जातात.

फेब्रुवारी 2022 मध्ये ही लीग उभी राहण्याआधीच बुडाली, असं तो म्हणाला होता. तो अंदाज साफ चुकला. जूनमध्ये लंडनजवळ तिची पहिली स्पर्धा झाली. त्याच आठवड्यात रोरी टोरंटोत जिंकला. पीजीए टूर या जुन्या अमेरिकी स्पर्धा-मालिकेतला तो त्याचा एकविसावा विजय. लगेच माइकसमोर तो म्हणाला की हा आकडा ‘कुणाच्या तरी’पेक्षा एकनं जास्त आहे. नव्या लीगचा तेव्हाचा प्रमुख ग्रेग नॉर्मन याच्या नावावर वीस विजय होते. देवळालीतल्या जुन्या मंडळींना तो टोमणा अजिबात रुचला नाही. मला तो त्या दिवशीही आवडला आणि आजही आवडतो. आपली बाजू कोणती, हे लपवून ठेवण्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं.

पुढचं वर्षभर जुन्या टूरची ढाल म्हणून तोच उभा राहिला. टूरच्या धोरण मंडळावर तो खेळाडूंचा प्रतिनिधी होता. मोठमोठी नावं पैसे घेऊन जात होती, आणि दर स्पर्धेच्या आधी पत्रकार त्यालाच विचारत होते की अमक्याबद्दल काय म्हणणं, तमक्याबद्दल काय. खरं तर ही उत्तरं द्यायचं काम टूरच्या वरच्या अधिकाऱ्यांचं होतं. ते मागे राहिले आणि पुढे झाला तो खेळाडू. हे सगळं चालू असतानाच ऑक्टोबर 2022 मध्ये तो पुन्हा जगात पहिल्या क्रमांकावर गेला.

मग 6 जून 2023 उजाडला. टूरच्या वरिष्ठांनी त्याच सौदी निधीशी गुपचूप बोलणी करून समझोत्याचा आराखडा जाहीर केला. बहुतेक खेळाडूंना ते बातम्यांतून कळलं. वर्षभर ज्यानं अंगावर घेतलं त्या रोरीला कळलं ते त्याच सकाळी, घोषणेच्या काही तास आधी. दुसऱ्या दिवशी टोरंटोत तो पत्रकारांसमोर बसला. ते फुटेज आजही बघण्यासारखं आहे, कारण त्यात आव नाही. आपला बळीचा बकरा झाल्यासारखं वाटतं, हे त्यानं मान्य केलं. ती लीग आपल्याला आजही मनापासून नको आहे, हेही सांगितलं. आणि हा पैसा आता गोल्फमध्ये राहणारच, तेव्हा त्याच्याशी जुळवून घेणं भाग आहे, हेही तिथेच बोलून गेला. तीनही गोष्टी एकाच बैठकीत.

यानंतरचं सगळं यातूनच निघालं. जुलैत तो म्हणाला, गोल्फ खेळायला पृथ्वीवर ती लीग एवढीच जागा उरली तर मी निवृत्त होईन. नोव्हेंबरमध्ये धोरण मंडळातून बाहेर पडला. जानेवारी 2024 मध्ये, लीगमध्ये गेलेल्यांना आपण फार कठोर तोलत होतो, असं त्यानं सांगितलं. दोन्ही बाजूंनी एकत्र यावं, गेलेल्यांना शिक्षा न करता परत घ्यावं, असं बोलू लागला. त्या वसंतात मंडळावर परत यायची तयारीही त्यानं दाखवली, पण आतल्या काहींचा विरोध होता आणि जुन्या जखमा उघड्या पडल्यावर तो विषय तिथेच संपला.

विरोधकांना यात कोलांटउडी दिसते. देवळालीत यावरून झालेली एक जुगलबंदी सांगण्यासारखी आहे. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, “सेनापती डळमळला म्हणून शिपाई मोर्चा सोडत नाही.” त्यावर बाजूला बसलेला पोरगा शांतपणे म्हणाला, “साहेब, सेनापतीनं तह केला, तोही शिपायाला न सांगता. आता त्यानं लढायचं कुणाशी?” साहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग राजीनामा त्याच दिवशी द्यायचा. पाच महिने कशाला थांबला?”

मला पोराचं म्हणणं पटतं, आणि साहेबांचा प्रश्नही रास्त वाटतो. 6 जूननंतर रोरीच्या पायाखालची जमीनच काढून घेतली गेली होती. ज्या टूरची बाजू तो मांडत होता तिनंच ती बाजू सोडली, तर त्याच्याकडून कसली निष्ठा मागायची? फसवणूक केली ती वरच्यांनी आणि जाब मागितला जातो त्याला, हे मला कधीच न्यायाचं वाटलं नाही. त्याची चूक शोधायची तर ती 2022 मधली आहे. सोडून जाणाऱ्या खेळाडूंविषयी तो तेव्हा नीतिमत्तेच्या भाषेत बोलला. उद्या आपलेच वरिष्ठ काय करतील याची खात्री नसताना माणसानं दुसऱ्याच्या निवडीवर इतका मोठा शिक्का मारू नये. ती भाषा त्यानं स्वतःहून मागे घेतली, त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं.

2024 पासून वादाला वेगळं वळण लागलं. जास्त बोलतो हा आरोप मागे पडला आणि बोलत नाही हा नवा आला. पाइनहर्स्टच्या यूएस ओपनमध्ये पाच होल उरले असताना तो दोन शॉटनी पुढे होता. सोळाव्या होलवर अडीच फुटांचा पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा फटका, हुकला. अठराव्यावर चार फुटांच्या आतला, उतारावरचा, तोही हुकला. एका शॉटनं हरला, आणि हरवणारा त्याच नव्या लीगचा. कुणाशीही न बोलता तो गाडीत बसून निघून गेला. 2011 मध्ये 80 मारून समोर उभा राहिलेला मुलगा ज्यांना आठवत होता, त्यांना हे जास्त लागलं.

मग मास्टर्सचं मैदान, ऑगस्टा. 13 एप्रिल 2025 चा रविवार, आपल्याकडे सोमवारची पहाट. आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्यानं नाशिकमधल्या बऱ्याच जणांना जागरण परवडलं. पहिल्याच होलवर डबल बोगी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा दोन फटके जास्त. तेराव्यावर वेजनं, म्हणजे जवळच्या फटक्याच्या काठीनं, मारलेला साधा चेंडू ओढ्यात. पंधराव्यावर झाडाला वळसा घालून मारलेला 7-आयर्न झेंड्यापासून काही फुटांवर. अठराव्यावर जिंकण्याचा छोटा पट पुन्हा हुकला, आणि प्लेऑफच्या पहिल्याच होलवर बर्डी, म्हणजे एक फटका कमी. तो गुडघ्यांवर कोसळून रडला. चारही वेगवेगळ्या मेजर जिंकणारा तो सहावाच; त्याची मास्टर्स तेवढी राहिली होती. सोबत खेळलेल्या अमेरिकी खेळाडूनं नंतर सांगितलं की दिवसभरात रोरी त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. फौजी मंडळींनी नेमकं हे उचललं. मला त्यात गैर काही दिसत नाही. अकरा वर्षं अडलेलं काम पुरं करायला निघालेला माणूस गप्पा मारत नाही.

मे महिन्यातल्या पीजीए चॅम्पियनशिप या मेजरमधलं मौन मात्र वेगळं होतं. ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या काठीचा, तोंडाकडचा पत्रा हजारो फटक्यांनी झिजतो, जास्त लवचीक होतो, आणि तपासणीत मर्यादेबाहेर गेला तर तो ड्रायव्हर बदलावा लागतो. यात लबाडी नसते, खेळाडूला ते जाणवतही नाही. रोरीचा ड्रायव्हर असा बाद झाला. त्या आठवड्यातल्या विजेत्याचाही झाला होता, आणि त्यानं ते जिंकल्यावर स्वतःच सांगितलं. पण गुप्त राहायला हवी ती यादी फुटली तेव्हा बाहेर आलं ते फक्त रोरीचं नाव. चारही दिवस तो पत्रकारांपुढे आला नाही. पुढे त्यानं सांगितलं की इतरांचेही ड्रायव्हर बाद झाल्याचं ठाऊक असताना रागात नको ते बोललो असतो, म्हणून गप्प बसलो. कारण समजण्यासारखं आहे. पण हेच दोन मिनिटांत त्याच आठवड्यात सांगितलं असतं, तर ज्यांना गोल्फची तांत्रिक बाजू ठाऊक नाही त्यांच्या मनात ‘चोरी’ हा शब्द रुजला नसता. जूनमध्ये ओकमाँटच्या यूएस ओपनमध्ये त्यानं चिडून टीवरचा, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरचा, मार्कर फोडला, आणि हवं तसं वागायचा हक्क आपण कमावला आहे, असं म्हणाला. खेळाडूनं पत्रकारांशी बोललंच पाहिजे असा नियम नाही, हे त्याचं म्हणणं खरं आहे. मला ते वाक्य तरीही टोचलं, कारण त्याचं मोठेपण मेजरइतकंच समोर येऊन बोलण्यातही होतं.

सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजवर रायडर कप, म्हणजे युरोप आणि अमेरिका यांच्यातला सांघिक सामना, झाला. तिथल्या गर्दीनं त्याला आणि त्याच्या बायकोला तीन दिवस घाणेरड्या शिव्या दिल्या. एकदा तो चेंडूपासून मागे सरला, गर्दीला शिवी हासडून गप्प बसायला सांगितलं, आणि पुढचा फटका झेंड्याजवळ टाकला. युरोप 15–13 नं जिंकला. त्या शिवीवर नाशिकच्या दोन्ही तटांचं पहिल्यांदाच एकमत झालं. बायकामाणसांपर्यंत गेलेल्या गर्दीला याहून सौम्य उत्तर कुणी द्यावं, असं फौजींनाही वाटलं नाही.

ते एकमत दिल्लीपर्यंतच टिकलं. ऑक्टोबरात तो पहिल्यांदाच भारतात खेळला. दिल्ली गोल्फ क्लबचे फेअरवे चिंचोळे, दोन्हीकडे दाट झाडी. त्याचा ड्रायव्हर बघायला म्हणून इथूनही काही जण गेले होते, आणि त्यानं तो बॅगेतच ठेवला नव्हता. तो पहिल्या पंचवीसातही आला नाही. ‘इतक्या लांबून आलेल्यांना हेच दाखवायचं का?’ यावर परतीच्या मंगला एक्स्प्रेसमध्ये भांडणं झाली. ड्रायव्हर न वापरण्याचा निर्णय चूक की बरोबर, यावर ती अजून चालू आहेत. पण या मैदानावर लांब नाही, सरळ मारावं लागेल आणि आपला ड्रायव्हर आता थेट अबू धाबीत निघेल, हे त्यानं स्पर्धेआधीच पत्रकारांसमोर बसून सांगितलं होतं.