आर्टरीतली हवा

कंठमण्याच्या खाली बोट ठेवून हलकेच वर-खाली फिरवा. आडव्या वळ्या हाताला लागतील. ती श्वासनलिका. आता दोन बोटं बाजूला सरकवा. तिथे ठोका लागतो, ती मेंदूकडे रक्त नेणारी धमनी. जुन्या ग्रीकांच्या लेखी या दोन्ही ‘आर्टेरिया’च, म्हणजे हवेच्या नळ्या, एक खरखरीत, दुसरी गुळगुळीत. ‘खरखरीत’ला ग्रीक शब्द ‘ट्राखेइया’. पुढे नाम गळून पडलं, विशेषण तेवढं उरलं आणि त्याचं इंग्रजीत ट्रेकिया झालं. म्हणजे डॉक्टर आजही श्वासनलिकेला नुसतं ‘खरखरीत’ म्हणतात!

पण रक्ताच्या नळीला हवेच्या नळीचं नाव कसं पडलं? मृत्यूनंतर धमन्यांच्या जाड, लवचिक भिंती आकसतात आणि आतलं बरंचसं रक्त शिरांकडे ढकललं जातं. प्रेत चिरणाऱ्याला शिरा रक्ताने भरलेल्या दिसायच्या आणि धमन्या जवळजवळ रिकाम्या, तरी न मिटलेल्या. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात कॉस या ग्रीक बेटावरच्या प्राक्सागोरस या वैद्याने मग ठरवूनच टाकलं की शिरांतून रक्त वाहतं आणि धमन्यांतून ‘न्यूमा’, म्हणजे प्राणरूपी वायू.

जिवंत माणसाची धमनी कापली की रक्ताची चिळकांडी उडते, त्याचं काय? पुढच्या शतकातल्या एरासिस्ट्रेटसकडे उत्तर तयार होतं. वायू निसटतो, पोकळी होते आणि शिरांतलं रक्त अदृश्य बारीक वाटांनी तिथे धावून येतं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधली आणि मधला भाग चिरला. आत रक्तच होतं. गंमत म्हणजे त्या बारीक वाटा मात्र खऱ्या निघाल्या. १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिगी या वैद्याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात त्या पाहिल्या. फक्त रक्ताची दिशा उलटी, धमनीकडून शिरेकडे.

ग्रीकांना हसायचं असेल तर आधी आपला शब्द तपासावा. ‘धमनी’ संस्कृत ‘ध्मा’ धातूची, अर्थ फुंकणे. गीतेच्या पहिल्या अध्यायात भीष्मांनी शंख फुंकला, तिथलं ‘दध्मौ’ याच धातूचं रूप. सुश्रुतसंहितेत नाभीपासून निघणाऱ्या चोवीस धमन्या आहेत, आणि श्वासापासून शब्द-गंधापर्यंत बरंच काही त्या वाहून नेतात. आजच्या आर्टरीला ते जुनं नाव आपण नंतर दिलं. बोलताना तेही कोण वापरतं म्हणा! ब्लॉकेज धमनीत असतं, आणि घरचे फोनवर सांगतात, ‘हृदयाची नस ब्लॉक आहे.’