भाकिताचा पेपर तपासायचा कसा?

'उद्या पाऊस नाही' असं एप्रिलभर बीडमध्ये रोज सांगणारा बहुतेक दिवशी खरा ठरतो. म्हणून त्याला कुणी हवामानतज्ज्ञ म्हणत नाही. तंत्रज्ञानाच्या भाकितकारांची टक्केवारी वाचताना मात्र आपण हे विसरतो.

१८८४ साली अमेरिकेत हवामानतज्ज्ञ जॉन फिन्ली यांनी टोर्नेडोचे, म्हणजे भोवऱ्यासारख्या फिरत येणाऱ्या वादळाचे, अंदाज दिले. २८०३ पैकी २७०८ बरोबर, म्हणजे ९६.६ टक्के! पण डोळे मिटून दर वेळी 'येणार नाही' म्हटलं असतं, तर ९८.२ टक्के मिळाले असते. टोर्नेडो आले ५१ वेळा, फिन्लींनी त्यातले २८ ओळखले. खरं कसब होतं ते या २८मध्ये.

तंत्रज्ञानाची भाकितं करणारे अमेरिकी संशोधक रे कुर्झवाइल यांनी १९९९च्या पुस्तकात २००९साठी केलेली भाकितं २०१०मध्ये स्वतःच तपासली. १४७ पैकी ११५ पूर्ण बरोबर, १२ जवळपास बरोबर, १७ अंशतः, चूक फक्त ३. पहिल्या दोन गटांची बेरीज करून ८६ टक्के. विद्यार्थ्यानंच आपला पेपर तपासला, तर दुसरं काय होणार? 'बहुतेक मजकूर बोलून लिहिला जाईल' हे २००९साठीच्या भाकितांतलंच एक. २००९मध्ये लोक कीबोर्डच बडवत होते.

तपासणीची खरी मेहनत निकालाआधीची. समजा कुणी म्हणालं, 'लवकरच लातूरकडं सोयाबीनची फवारणी ड्रोननं होईल.' याला गुण देताच येत नाहीत. 'लवकरच' म्हणजे २०३०चा खरीप का? मोजायचं काय, शेतकरी की हेक्टर? हा फरक मोठा आहे: दहा मोठ्या शेतकऱ्यांनी ड्रोन लावला, तर क्षेत्र भराभर वाढेल, शेतकऱ्यांचा आकडा जागेवरच राहील. एकाच शेतात दोनदा फवारलं तर ते क्षेत्र एकदा धरायचं की दोनदा, हेही आधीच लिहून ठेवायचं. वाक्यात 'आणि' असेल तर दोन भाकितं करायची, नाहीतर अर्धं खरं ठरलेलं वाक्य 'जवळपास बरोबर'मध्ये घुसतं. तपासणारे किमान दोन हवेत, एकमेकांचे गुण न पाहता.

भाकितकारानं शक्यता आकड्यात सांगितली असेल, तर अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांची १९५०ची रीत वापरा. घडलं तर १, नाही तर ०. त्यातून सांगितलेली शक्यता वजा करून वर्ग करायचा आणि सगळ्या भाकितांच्या अशा गुणांची सरासरी काढायची. ९० टक्के सांगून घडलं तर ०.०१, फसलं तर ०.८१. गुण जितके कमी तितकं चांगलं. नेहमी '५० टक्के' म्हणणाऱ्याला कायम ०.२५ मिळतात. म्हणजे छातीठोक बोलून फसणाऱ्यापेक्षा 'सांगता येत नाही' म्हणणारा बरा.

आणि या सरासरीशेजारी, त्याच भाकितांवर एप्रिलातल्या त्या बीडकरासारखं दर वेळी 'नाही' म्हणणाऱ्याचीही सरासरी मांडायची.